वडिलांची माफी

वडील आम्हाला सोडून बजाजनगरला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेले, तेव्हा मी शाळेत होते. छावणीतल्या आमच्या चर्चच्या पंचांनी त्यांचं प्रभुभोजन बंद केलं. म्हणजे भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना मिळायचा, त्यांना नाही. मला आनंद झाला होता आणि तो मी लपवलाही नाही.

पुढे मी नोकरीला लागले. ती बाई वारली, वडिलांना जलोदर झाला आणि ते चर्चला परत यायला लागले. पोट फुगलेलं, पाय सुजलेले, शेवटच्या बाकावर एकटे बसायचे. पंचांना दया आली. पण बंदी उठवायची तर आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानं मंडळीपुढे उभं राहून ‘मी माफ केलं’ असं म्हणायचं.

ते विचारायच्या आदल्या आठवड्यात चर्चचे पाळक घरी आले. चहा पिताना आईला म्हणाले, “बाई, देव न्यायी आहे, पण दयाळूही आहे.”

“लोकांचे कपडे शिवून तिनं आम्हाला वाढवलं, तेव्हा कुठं होती ही दया?” मी म्हणाले. आईनं डोळे वटारून मला गप्प बसवलं.

रविवारी पाळकांनी विचारलं तशी आई उभी राहिली. वडील मान खाली घालून बसले होते. मी मनात घोकत होते, नाही म्हण, नाही म्हण.

“माफ नाय केलं मी,” आई म्हणाली. “व्हईना माझ्याच्यानं. पण त्यांची भाकर अडवू नका. लई थकलेत ते.”

पंच आपसांत कुजबुजायला लागले. असं उत्तर कुणी दिलंच नव्हतं. शेवटी पाळक स्वतःच तबक घेऊन मागच्या बाकापर्यंत गेले. वडिलांनी तुकडा घेतला आणि ढसाढसा रडले. मग तबक आमच्याकडे आलं, तर आईनं ते तसंच माझ्यापुढे सरकवलं. मनात अढी ठेवून ही भाकर खायची नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. माझं डोकंच फिरलं. घर मोडणारा जेवला आणि ही उपाशी! हा कसला न्याय? मीही घेतली नाही, पण माझा नुसता राग होता.

पावसाळा संपायच्या आत वडील गेले. चर्चच्याच कब्रस्तानात त्यांना जागा मिळाली. आईनं मूठभर माती टाकली, रडलीही. मला वाटलं, सुटली एकदाची. पण पुढच्या प्रभुभोजनाला तिनं पुन्हा तबक पुढे सरकवलं.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणाले, “अगं, मेले ना ते आता!”

“ते मेले,” आई चप्पल घालत म्हणाली. “देव हाय ना. त्याच्याशी खोटं बोलू व्हय?”