शंभराव्या पानाची चिठ्ठी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. फ्रिजवर मॅग्नेटखाली कूपनं साठत जातात तसे ते साठतात आणि एक दिवस मॅग्नेट खाली पडतो. आमच्या फ्रीमाँटच्या पुस्तकमंडळाचंही तसंच झालं. मंडळ म्हणजे आम्ही तिघी. मी, नागपूरची मेधा आणि मुलाकडे राहायला आलेल्या पुण्याच्या अलकाकाकू. मेधा आणि मी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे वेळच वेळ. लायब्ररीतून इंग्लंडच्या पोलिसकथा आणायच्या. छोटंसं गाव, एक इन्स्पेक्टर, एक सार्जंट आणि चहाच्या टेबलाशी बसलेला खुनी.

*

नियम काकूंनी घातला होता. शंभराव्या पानावर थांबायचं, खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पुस्तक संपलं की डबा उघडायचा.

मेधाची चिठ्ठी दोनदा बरोबर निघाली. तिसऱ्यांदा काकूंनी पुस्तक टेबलावर उभं धरलं आणि सोडून दिलं. ते आपोआप शेवटच्या पानावर उघडलं.

"मेधा, शेवट किती वेळा वाचलास?"

"एकदाच वाचला न काकू," मेधा म्हणाली, आणि मग जीभ चावली.

*

काकूंना ड्राइव्ह करता येत नव्हतं. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. त्या गाडीत बसल्या की म्हणायच्या, "सार्जंट, निघा."

मी एकदा कुरकुरले की मीच का सार्जंट?

"गाडी तो चालवतो आणि शेवटपर्यंत त्याला काही कळत नाही," काकू म्हणाल्या.

*

वर्षभरात काकूंची एकही चिठ्ठी चुकली नाही. आम्हाला ही गंमत वाटायची, काकूंना नाही. त्या दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या होत्या आणि एकदा आमच्याच रस्त्यावर घर सापडेना म्हणून फुटपाथच्या कडेला बसून राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा नितीन त्यांना पुण्याला मामाकडे पाठवायचं म्हणत होता. काकूंना जायचं नव्हतं.

"खुनी ओळखता येतोय ना? मग माझं डोकं शाबूत आहे. नितीनला सांग तसं," त्या मला म्हणायच्या. मी दर वेळी सांगायची.

*

मग एकदा डब्यातून काकूंची चिठ्ठी निघाली, "एनिड".

त्या पुस्तकात एनिड नावाचं कुणीच नव्हतं. मेधाने माझ्याकडे पाहिलं. काकू शांतपणे चहा पीत होत्या. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि नितीनला सांगितलं, आई याही वेळी बरोबर. खोटं बोलले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

पुढचं पुस्तक दुसऱ्या ब्रँचमधून मागवलेलं होतं, ते त्या आठवड्यात आलं. साठाव्या पानावर गावची पोस्टमास्तरीण आली. एनिड. शेवटच्या पानावर बेड्या तिलाच पडल्या.

मी ते काकूंसमोरच नितीनला सांगितलं तेव्हा तो हसला. "आई, हे तू आधी कधीतरी वाचलेलं असणार."

"वाचलं असतं तर विसरले असते," काकू म्हणाल्या.

*

त्यानंतर मेधाची भीड चेपली. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी नवीन माणूस भेटला की ती काकूंच्या कानाशी लागायची, "काकू, हा?"

काकू त्या माणसाकडे जरा जास्तच वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून शंभरावं पान आलं नाही." मेधा त्या माणसाने आणलेल्या डिशला मग हात लावायची नाही.

*

अखेर नितीनने तिकीट काढलंच. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी माझ्या हातात घडी केलेली चिठ्ठी दिली.

"ही डब्यात टाक. पुढच्या पुस्तकाची."

आम्ही पुस्तक वाचून डबा उघडला. चिठ्ठीवर होतं, "वेंडेल". पुस्तकात वेंडेल नव्हता. त्याच्या पुढच्यात नव्हता. लायब्ररीचं ते पूर्ण शेल्फ आम्ही दोघींनी सहा महिन्यांत वाचून काढलं, कुठेच नव्हता. पुण्याला फोन केला तर काकूंनी तीनदा विचारलं, "कोण बोलतंय?" चौथ्यांदा मामांनी फोन घेतला. मी गाडीत जाऊन रडले. काकूंचं डोकं गेलं, हे त्या दिवशी मला मान्य करावं लागलं.

शरद ऋतूत आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं टाउनहाउस भाड्याने गेलं. दुपारी तीनची वेळ, स्वच्छ ऊन, मेधा माझ्याकडे चहाला आलेली. बेल वाजली. दारात पिकलेल्या केसांचा एक माणूस, हातात घरी केलेल्या ॲपल-पायची डिश. खूप नम्र.

"हाय, मी तुमचा नवा शेजारी," तो इंग्रजीत म्हणाला. "वेंडेल."

मागे मेधाचा चमचा कपात ढवळता ढवळता थांबला.

सहा महिने मी देवाकडे एकच मागत होते, काकूंचं डोकं शाबूत असू दे. त्याच्या हातून ती डिश घेताना मी पहिल्यांदा उलटं मागितलं.