जित्या माणसाचं चित्र

कामठ्यात कोणी मेलं की पहिला निरोप नातेवाईकांना जायचा अन् दुसरा केवळरामला.

केवळराम काही पेंटर नव्हता, धानाची शेती करणारा साधा माणूस. पण चित्राचं वेड डोक्यात घुसलं ते निघायलाच तयार नाही. सुरुवात वांग्यांपासून झाली. स्टुलावर वांगी अन् पाण्याचा पितळेचा गुंड मांडून बसायचा, वांग्याची चमक काही केल्या जमायची नाही, अन् चित्र अर्धंच असताना बायको दुर्गेश्वरी येऊन वांगी उचलायची ती सरळ चुलीवर! "सुकून रायले ना जी वांगे! लेकरं काय तुमचा रंग खातीन का?"

मग एक जण मेलेल्या बापाचा आधारकार्डावरचा फोटो घेऊन आला. तेरवीला हार घालायला मोठं चित्र पाहिजे होतं. केवळरामनं काढलं, हुबेहूब जमलं, अन् मग तेच सुरू झालं. कोणाची माय, कोणाचा आजा. सगळे ताठ, सगळ्यांची तोंडं मिटलेली, सगळे समोर बघणारे. घरी रात्रंदिवस मेलेली माणसं!

त्याला जिवंत माणूस समोर बसवून काढायचा होता. एकदाच. पण बसणार कोण? गावात भिंतीवर चित्र लागतं ते गेलेल्याचंच. पानठेल्यावर त्यानं कोणाच्या चेहऱ्याकडं जरा जास्त पाहिलं की चुन्नीलाल ओरडायचा, "अबे पाहू नोको मायाकडं! पोरीचं लगन बाकी हाय अजून!" सगळे हसायचे. केवळरामही हसायचा. घरी आला की जेवायचा नाही.

शेवटी हो म्हणाली ती शेजारची यशोदाबाई. म्हातारी थंडीत अंगणातल्या उन्हात लाखोरीची डाळ निवडत बसायची. केवळरामनं भीत भीत विचारलं, तर म्हणते, "काढ ना बाबू. मायाकडं आता पायते तरी कोण?"

मग रोज सकाळी ती डाळीचं टोपलं घेऊन त्याच्या अंगणात येऊन बसायची. अन् बोलायची! सुनेबद्दल, बकरीबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल. तोंड एक मिनिट थांबायचं नाही, ऊन सरकायचं, मान सरकायची, केवळराम पार वैतागून जायचा. कॅनव्हासवर उतरायची तीच ताठ, मिटल्या तोंडाची बाई. पुसायचा, पुन्हा काढायचा. एक दिवस बकरीनं टोपल्यात तोंड घातलं, म्हातारी शिव्या देता देता हसायला लागली, अन् त्याचा हात सुटला. ओठ आला! जिवंत, ओला, अर्धा उघडा ओठ. केवळराम ब्रश खाली ठेवून बघतच राहिला.

"दाखव ना," ती म्हणाली.

"पुरं झाल्यावर दाखवतो, काकी. फक्त डोळे रायले."

त्याच आठवड्यात तिला ताप आला. तापात बडबडायला लागली, गोंदियाला दवाखान्यात भरती केली. संध्याकाळी तिचा पोरगा उमराव दारात उभा. डोळे लाल.

"पुसून टाक."

"उमराव, अरे असं काही नसते..."

"तू मेलेल्याईचे काढतोस ना? मंग माई माय कायले काढली? तिले काही झालं तं मी तुले सोडणार नाही, सांगून ठेवतो."

तो गेला. दुर्गेश्वरी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. "पुसा ना जी," एवढंच म्हणाली.

केवळराम चित्रासमोर बसून राहिला. हे सगळं खोटं आहे, त्याला माहीत होतं. अन् तरी एक क्षण, फक्त एक क्षण, त्याच्या मनात आलं, खरं असलं तर? त्याच क्षणात त्यानं फडक्यावर टरपेंटाइन ओतलं. आधी ओठ पुसला, मग बाकीचं सगळं. राहिला नुसता मातकट डाग.

म्हातारी बरी झाली. घरी आली, अन् चालायला लागल्याबरोबर काठी टेकत त्याच्या अंगणात हजर. गाल बसले होते, पण खुश.

"झालं का बाबू? दाखव."

त्यानं दाखवलं. ती डागाकडं पाहत राहिली. कुंपणापलीकडं उमराव बैलाला पाणी दाखवत होता, त्याची पाठ दिसत होती. पोरानं काय केलं हे तिला सांगायचं? की आपण स्वतः घाबरलो हे सांगायचं? केवळरामच्या तोंडातून भलतंच निघालं.

"बिघडलं, काकी. तुम्ही लय बोलता ना, तोंड हलते सारखं."

म्हातारीचा चेहरा उतरला. "मायामुळंच बिघडलं का?" मग खुर्ची उन्हात ओढली. "पुन्हा काढ. आता नाही बोलत."

हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली, ओठ घट्ट मिटले अन् सरळ त्याच्याकडं बघत बसली.

ब्रश त्याच्या हातात तसाच राहिला.

"काकी, बोला ना काहीतरी."

तिनं मान हलवली. नाही. ओठ आणखी आवळले.