कापसाने भरलेली मुलींची खोली

माझ्या रंगूनच्या नातवंडांनो, अकोल्याच्या आपल्या शाळेचा उत्सव येत्या महिन्यात आहे. शाळेला ज्यांचे नाव आहे त्या शेटजींबद्दल चार गौरवाचे शब्द लिहून द्या, असे हेडमास्तर मला सांगून गेले. ते मी देईन. पण तुम्हांला खरे काय झाले ते ठाऊक असावे, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

माझे वडील त्या शाळेचे मास्तर होते. मुले ओसरीवर बसत. मुलींसाठी वेगळी खोली असेल, तर तपासणीचे साहेब मुलींच्या वर्गाला मंजुरी देणार होते. वडिलांनी खेटे घातले, तेव्हा कापसाचा व्यापार करणाऱ्या या शेटजींनी खोली बांधून दिली आणि दारावर आपल्या नावाचा दगड बसवला. आम्ही पाच मुली होतो. त्यांतली एक माळ्याची, माझ्याच वयाची, माझ्याहून हुशार.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. शेटजींच्या वखारी भरल्या, तेव्हा उरलेला कापूस त्यांनी आमच्या खोलीत ओतला. दिवाळीत त्या राशीची हळदकुंकू वाहून पूजाही केली. पूजलेली रास विकेपर्यंत जागची हलवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. आम्ही पाची जणी अंगणातल्या कडुनिंबाखाली बसू लागलो.

वडील त्यांच्याकडे किती वेळा गेले, याची गणती नाही. एकदा मी बरोबर होते. साहेब पौषात येणार आहेत, तोवर खोली मोकळी करा, असे वडील अगदी नरमाईने सांगत होते.

"पूजेची रास हाय, मास्तर," शेटजी म्हणाले. "तुमी बामन, तुमाले मी काय सांगू? भाव चढून राहिला. जरा थांबा."

"साहेब थांबायचे नाहीत, शेटजी."

"मंग पोरी थांबतील. पोरीले कायची घाई हाय?"

बैठकीतले सगळे हसले. वडीलही कसनुसे हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

भाव चढतच गेला आणि शेटजी आणखी चढण्याची वाट पाहत राहिले. पौषात साहेब आले. दार उघडले तर कापूस पार आढ्याला भिडलेला. आम्ही धुतलेली परकर-पोलकी घालून अंगणात उभ्या होतो. साहेबांनी आम्हांला एक प्रश्नही विचारला नाही. खोलीच्या बांधकामाबद्दल मात्र शेटजींची तोंडभरून तारीफ केली. वर्ग नामंजूर झाला.

माळ्याने दुसऱ्याच दिवशी मुलीला मळ्यात नेले. "सायबानं पायलं नाई, मंग उघड्यावर बसवून काय करू?" असे तो वडिलांना म्हणाला. त्यात त्याचे काय चुकले? होळीपर्यंत बाकीच्या तिघीही गेल्या. मला वडिलांनी घरी शिकवले, इंग्रजीसुद्धा. मास्तरांची मुलगी होते, म्हणून मला ते मिळाले.

पुढे लढाई संपली, भाव कोसळला आणि शेटजींनी ती रास मिळेल त्या भावाला विकली. खोली रिकामी झाली, तेव्हा तिच्यात बसायला एकही मुलगी उरली नव्हती. वडिलांनी ओसरीवरची मुले आत बसवली.

ती खोली अजून भक्कम आहे. तिच्यात मुलांची पहिली भरते.