जंत आणि जंतू

सत्तरच्या दशकात नागपुरात क्षयरोगाची माहिती लोकांना सिनेमातून देत असत. एका दवाखान्याकडे प्रोजेक्टर होता आणि एकच कृष्णधवल माहितीपट. निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित केलेले, भाषा शुद्ध. मी दैनिकात आरोग्याच्या बातम्या पाहत असे, म्हणून बहुतेक खेळांना हजर असे.

लकडगंजातल्या मैदानावरच्या खेळानंतर काही दिवसांनी क्षयाचे उपचार घेणारी एक बाई दवाखान्यात आली. नवरा आरागिरणीत हमाल. तिचा खोकला थांबला होता, पण गोळ्या अजून बरेच महिने घ्यायच्या होत्या. तिने त्या सोडल्या होत्या.

डॉक्टरांनी कारण विचारले.

"सिनेमात जंत दाखवले न तुम्ही. म्या जंताचं औषध घेतलं. एकही पडला नाही. मंग गोळ्या कायले खाऊ?"

निवेदनातला शब्द 'जंतू' होता. सूक्ष्मदर्शकातले हे जंतू, बारीक काड्यांसारखे, पडद्यावर हातभर दिसत. डॉक्टरांनी तिला फरक समजावला. तिने ऐकून घेतले आणि गोळ्या टेबलावरच ठेवून गेली. डोळ्यांनी पाहिलेले ती खोटे मानणार नव्हती.

निवेदन बदलावे म्हणून मुंबईला लिहिले, उत्तर आले नाही. डॉक्टर मला म्हणाले, "आवाज बंद करतो. शब्द तुमचा धंदा आहे, तुम्ही बोला."

त्याच मैदानावर पुन्हा खेळ लावला. काड्या पडद्यावर आल्या तसे मी माइकवर सांगितले, "हे पोटातले जंत नव्हेत. हे डोळ्यांना दिसत नाहीत."

अंधारातून कोणी म्हणाले, "दिसत नाही म्हणता, अन् दाखवून काहून राहिले गा?"

मैदान हसले. रीळ थांबत नाही. पुढचे चित्र फुप्फुसाचे होते. मी म्हणालो, चूल विझल्यासारखी दिसते, राखेत निखारा असतो. खोकल्याचे तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. "निखारा हाये का, पाहा."

थुंकी तपासली. होता. डॉक्टरांनी सांगितले की उपचार पुन्हा पहिल्यापासून, सुयाही.

"पहिल्यापासून?" ती बाकावर बसली. "मंग तवाच सांगाचं होतं न, जंत नाही म्हणून."

"सांगितलं होतं, बाई."

"तुम्ही सांगतलं, डॉक्टरसाहेब. सिनेमानं कुठी सांगतलं?"

डॉक्टरांनी सुई उकळायला ठेवली.