टीपॉयवरचे पाय

संस्कृती माणसाच्या रक्तात असते, असं मी अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

प्लॉय ही थाई विद्यार्थिनी वर्षभरासाठी आमच्याकडे राहते. परवा ती म्हणाली, “अंकल, आमच्याकडे कुणाच्या दिशेने तळपाय करत नाहीत. इथे शाळेत मुलं बाईंसमोरच बाकावर पाय टाकतात.”

“अमेरिकनांना ते कळायचं नाही,” मी सोफ्यावर रेलून म्हणालो. “आमच्यात चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात.”

“आणि टीपॉयवर कुणाचे आहेत?” बायकोने विचारलं.

मी पाय खाली घेतले. प्लॉय समोरच्या खुर्चीत रोज तिरकी बसायची; मला वाटायचं, लाजते. संस्कृती बहुधा पायांतून आधी जाते, तोंडातून सगळ्यात शेवटी.

त्या खुर्चीच्या मागे आमचा देव्हारा आहे.