बिनभेसळीचं तेल

जळोचीत माझं छोटं लेडीज पार्लर आहे. तिथं सगळं मिळतं, फक्त लॅव्हेंडरचं तेल मिळत नाही. कुणी मागितलं तर मी संपलंय म्हणते. गेली चार-पाच वर्षं ते संपलेलंच आहे. नेहमीच्या बायका आता विचारत नाहीत, पण एखादी नवीन मुलगी मोबाईलवर काहीतरी बघून येते. मुरमांवर लावायचंय म्हणते, लेकराला डास चावलेत म्हणते, आणि मी तिच्याशी तुटक बोलते. तिची काही चूक नसते. एके काळी मीच तिच्यासारखी बोलत होते.

पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं होतं मी. तिथं त्या तेलाचा वास पहिल्यांदा घेतला. जांभळ्या फुलांचं झाड असतं म्हणे, थंड मुलखातलं. आमच्याकडं ते कुणी बापजन्मी पाहिलेलं नाही. गडद काचेची बोटभर बाटली, थेंब थेंबच सोडणारं बूच. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. घरी येऊन मी तसं मिसळून वापरायला लागले. वॅक्सिंगनंतर लाल झालेली कातडी शांत व्हायची, मुरमं बसायची. निदान बायका तसं सांगायच्या. दहा-बारा बायकांनी बरं म्हटलं आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. घामोळं, खाज, भाजलेलं, चिरलेलं, कुणी काही सांगो, माझा हात बाटलीकडंच जायचा.

आईवडील कोऱ्हाळे बुद्रुकला असतात. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांची सगळी नोकरी गावच्या दूध संकलन केंद्रावर झाली. आलेलं दूध तपासायचं, पाणी घातलेलं असलं की परत पाठवायचं. सख्ख्या मेव्हण्याचं दूध त्यांनी चारचौघांत परत पाठवलं होतं, आणि पुढं दोन वर्षं त्या घरचं आम्हाला कशाचं बोलावणं आलं नाही. भेसळ हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. हलका माणूस दाखवायचा तर म्हणायचे, ‘पानी हाय त्याच्यात.’ घरात त्यांचा हा अभिमान आम्ही सगळ्यांनीच वाटून घेतला होता. मीसुद्धा.

आई त्याच केंद्रावर दुधाचे कॅन धुवायची. सोड्याचं कढत पाणी, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. त्या सोड्यानं तिचे हात गेले. बोटांच्या पेरांना भेगा, तळहाताला खवले, आणि खाज अशी की ती भिंतीच्या गिलाव्याला हात घासायची. इसब आहे, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे आम्हाला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर ती मेडिकलमधून ट्यूब आणायची. आठ दिवस बरं वाटायचं, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

तरी तिनं स्वतःच्या हातांबद्दल कधी तक्रार केली नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. आमच्या आळीतली निम्मी पोरं आईच्या पायांवर न्हालेली आहेत. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं आणि तेल लावून, चोळून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. कुणाकडं बाळंतीण आली की आईला बोलावणं यायचं. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, ते तिचंच होतं. मग हात बिघडले आणि बोलावणी थांबली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. एकदा मात्र शेजारणीच्या सुनेला कुणालातरी सांगताना आईनं ऐकलं, ‘त्यांच्या हाताला खरूज हाय.’ त्या दिवशी आई जेवली नाही.

मला पाचवा महिना लागला तेव्हा कोऱ्हाळ्याला गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच होणार. आई भाकरी थापत होती, पीठ भेगांत जाऊन पांढरं झालं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तुझं लेकरू तरी माझ्या पायावर न्हायलं पायजे. तवर हात नीट झालं पायजेत बघ.’

ती कधी काही मागत नाही. हे मागितलं, आणि मी पर्समधून बाटली काढली.

तात्यांनी बूच उघडून हुंगलं. ‘अगरबत्तीचा वास येतोय.’

‘तात्या, शंभर टक्के शुद्ध आहे,’ मी म्हणाले. ‘थेंबभर भेसळ नाही.’

तात्यांना काय ऐकायला आवडतं हे मला पक्कं माहीत होतं. लहानपणापासून त्यांच्याकडून शाबासकी काढायची हीच युक्ती होती. मग मी खोबरेल तेलात मिसळायचंही सांगितलं, चमच्याला दोन थेंब. पण ते सांगितलं चपला घालताना, कारण बाहेर नवऱ्यानं गाडी सुरू केली होती. शुद्ध आहे हे घरात बसून, सावकाश, कौतुकानं सांगितलं. मिसळायचं ते उंबऱ्यातून.

मी गेल्यावर तात्या आईला काय म्हणाले, ते मला आईनं पुष्कळ नंतर सांगितलं. ‘पोरीची वढाताण हाय. बाटली पुरवायला मिसळा म्हनली आसंल. चांगल्या वस्तूत खोबरेल कशाला घालायचं? आपन मिसळायचं न्हाय. तू निखळ लाव.’

त्यांनी हे प्रेमानं सांगितलं. आपल्या बायकोला आयुष्यात कधी नाही ते उंची काहीतरी मिळतंय, त्यात भेसळ कशाला, एवढंच त्यांच्या मनात होतं. आईनं सकाळ-संध्याकाळ, भेगांमध्ये, निखळ तेल जिरवलं. झोंबायचं. तात्या म्हणायचे, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. बाटली संपत आली तेव्हा त्यांनी मला फोन करून दुसरी मागवली, आणि तिसरीही. इतकी लवकर कशी संपली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, गुण येतोय. मीच कौतुकानं गावच्या माणसाबरोबर पाठवून दिल्या.

फोनवर मी विचारायची, हात कसे आहेत? आई म्हणायची, ‘बरं हायेत की. तू तुझं बघ.’ व्हिडिओ कॉल केला की फोन तात्या धरायचे आणि आईचा फक्त चेहरा दिसायचा.

आठव्या महिन्यात बाळंतपणाला गेले. आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं आली आणि मला तिचे हात दिसले. फोड फुटून लस वाहत होती. मनगटापर्यंत सूज, बोटं मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारामतीला कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, काय लावलं? तात्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

‘कशात मिसळून लावलं?’

‘कशात न्हाय, सायेब,’ तात्या ताठ बसून म्हणाले. ‘येक थेंब मिसळला न्हाय.’

डॉक्टरांनी बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग त्यांनी सांगितलं. हे खायच्या तेलासारखं तेल नाही, अर्क आहे, तोही तीव्र. निखळ लावून कातडी सोलली गेली आणि आता त्याची ॲलर्जी बसली आहे. मी मधेच म्हणाले, मी मिसळायला सांगितलं होतं. मला स्वतःला वाचवायचं होतं, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, ‘इतक्या फुटलेल्या हातांना मिसळूनही लावायला नको होतं. आधी दाखवायला हवं होतं.’ मग ते आईकडं वळले. मलम लावून वर सुती हातमोजे घालायचे. साबण, पाणी, सुगंधी तेल काही महिने बंद. आणि हे लागट नाही, कुणाला होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी तिथं होते. दोन्ही वेळा ऐकलं.

परतताना एसटीत तात्यांनी बाटली मुठीत धरली होती. उतरल्यावर त्यांनी बाटली गटारात टाकली.

मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायला शेजारच्या वाडीवरून एक बाई यायच्या. आई मोरीच्या दारात स्टुलावर बसून सांगायची: मान धरा, कानात पानी जाईल, टाळूवर जरा तेल जिरवा. हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर. बाई गेल्या की ती बाळाच्या पावलांना गाल लावायची. मी अंगावर पाजत असले की हळूच मोजे काढून एका बोटाची पाठ बाळाच्या पोटरीवरून फिरवायची. तेवढंच. ते बोट बरं होत आलं होतं. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. भिगवणला रस्त्यालगत त्यांचं मासळीच्या जेवणाचं हॉटेल आहे. दिवसभर माशांत हात असलेली, खणखणीत बोलणारी बाई. त्यांनी बाळाला उघडं करून बघितलं. मानेवर, गालावर बारीक लाल पुरळ आलं होतं.

‘हे कशानं उठलं?’ त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं. कुणाकडं बोट दाखवलं नाही. पण मी चार रात्री झोपले नव्हते, टाके दुखत होते, आणि मला वाटलं आता त्यांची नजर आईच्या हातांकडं जाणार. ती जायच्या आत मी बोलले. खोलीत आळीतल्या चार बायका होत्या, ती शेजारीण आणि तिची सूनही.

‘आई, तू हिला हात लावू नकोस.’

आई तेव्हा बाळाचं झबलं सारखं करत होती. तिनं हात काढून घेतले. खुंटीवरचे मोजे घेतले, घातले, आणि बायकांना चहा ठेवायला आत गेली.

सासूबाईच मला म्हणाल्या, ‘आईला आसं बोलत्यात व्हय? घामुळं हाय ते, येडे.’

घामोळंच होतं. तीन दिवसांत गेलं.

तेल माझं, चूक तात्यांची, असं मी पुष्कळ दिवस मनाशी वाटून घ्यायचे. वाटणी काही टिकली नाही. तेलानं हात बिघडले, ते मलमानं बरे झाले. सहा महिन्यांत कातडी धरली, वर्षभरात भेगा बुजल्या. हात बरे झाले आणि आईनं मोजे काढले नाहीत. नात आली की ती आधी मोजे घालते, मग दार उघडते. तिला भरवते ती मोज्यांनी, चमच्यानं. वेणी घालते ती मोज्यांनी, केस निसटतात, पुन्हा धरते. माझ्या मुलीला आईनं एकदाही न्हाऊ घातलेलं नाही.

मी म्हणून पाहिलंय. ‘आई, हात बरे झालेत.’

‘व्हय, बरं झाल्यात.’

‘मग काढ की मोजे. डॉक्टर म्हणाले होते ना, लागत नाही.’

‘ऱ्हाऊ दे. सवय झालीया.’

मी चुकले, असंही म्हणाले आहे. रडून म्हणाले आहे. ती म्हणते, ‘तू लेकराची काळजी केलीस, त्यात काय चुकलं?’ रागावली असती तर मला वाट सापडली असती. ती रागावतच नाही. तिला खरंच वाटतं की मी बरोबर बोलले. आळीतल्या बायकांचं तिनं कधी खरं मानलं नव्हतं, माझं मानलं.

तात्या आता दुधाबद्दल काही बोलत नाहीत. रतिबाचं दूध पातळ निळसर दिसलं तरी मुकाट्यानं तापायला ठेवतात.

गेल्या दिवाळीत कोऱ्हाळ्याला होतो. आईनं मोजे धुवून अंगणातल्या दोरीवर टाकले होते आणि ती उघड्या हातांनी तांदूळ निवडत होती. मुलगी चार वर्षांची. ओट्यावरून उडी मारायला गेली आणि गुडघ्यावर पडली. रक्त आलं. ‘आजी’ म्हणून तिनं हंबरडा फोडला. मला नाही, आजीलाच हाक मारली.

आई उठली. सूप बाजूला पडलं, तांदूळ सांडले, तिला भान नव्हतं. दोन्ही हात पसरून ती धावली. तिचे उघडे तळहात उन्हात मला स्पष्ट दिसले, स्वच्छ, गुलाबी, चांगल्या बाईचे हात. मी ओट्यावरून हलले नाही. मनात म्हणाले, आता उचलणार. देवा, आता उचलू दे.

मुलीनं ते हात बघितले. रडतारडताच ती लंगडत दोरीकडं गेली, मोजे ओढून काढले, आणि आजीसमोर धरले.

‘आजी, आधी हे घाल.’

मोजे अजून ओले होते. आईनं ते घातले, एकेक बोट नीट सारून. मग नातीला उचलून कडेवर घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली आणि माझ्याकडं वळली.

‘बघ, किती शानी हाय,’ ती म्हणाली. ‘हिला सांगावं लागत न्हाय.’

ती कौतुकानंच म्हणाली.