लेकीच्या बाह्या आणि देवाचं घोंगडं

अंगाला खाज सुटली की माझी लेक आधी माझ्याकडे बघायची आणि मग खाजवायची. अडीच-तीन वर्षांचं पोर ते, पण आईला हे आवडत नाही एवढं तिला कळलं होतं. मी कधी तिच्यावर ओरडले नाही. मी फक्त दाराकडे बघायचे, कुणी येतंय का म्हणून. तिला तेवढं पुरायचं. आज हे लिहायला बसले आहे तेव्हा मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या दाराकडे बघण्याची.

आम्ही कडेगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. जातीनं धनगर, मूळचे माणदेशाकडचे. आजेसासऱ्यांनी मेंढरं विकून इकडे थोडी जमीन केली, तेव्हापासून आम्ही उसवाले झालो. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामावर तिकडे दक्षिणेत असतो आणि वर्षातून दोनदा घरी येतो. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मी आणि तन्वी. मी बायकांचे ब्लाउज आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवते. कापड नुसतं चिमटीत धरलं की ते अंगाला टोचेल की नाही हे मला कळतं, असा माझा गावात लौकिक आहे. मलाही त्याचा थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर बरीच वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, उपास झाले. शेवटी माणदेशातल्या आमच्या बिरोबाच्या जत्रेत मी देवापुढे पदर पसरला आणि म्हणाले, मूल दे, ते शाळेत जाईपर्यंत तुझ्याच घोंगड्यावर निजवीन. पुजाऱ्यानं एक नवं काळं घोंगडं देवाच्या पायांना लावून, वर हळदीचा भंडारा टाकून माझ्या ओटीत घातलं. पुढच्या जत्रेच्या आत तन्वी झाली. बारशाच्या दिवसापासून ते घोंगडं तिच्या अंगाखाली असायचं. त्याच्याकडे बघितलं की मला भरून यायचं.

ती वर्षाची होता होता अंगावर पुरळ उठायला लागलं. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेच्या घड्यांत. आधी लाल, मग खरखरीत, मग खाजवून खाजवून पाणी सुटायचं आणि खपली धरायची. आठ दिवस बरं, की पुन्हा उठलंच. शेजारपाजारच्या बायका हुशार. कुणी म्हणाली उष्णता, कुणी म्हणाली खरूज, कुणी गोमूत्र सुचवलं. माझी चुलत जाऊ मात्र हळूच म्हणाली, "देवाचं काय तरी राह्यलं आसंल बघ तुझं." ते माझ्या मनात जाऊन बसलं. मी तिला दिवसाही घोंगड्यावरच ठेवायला लागले. रोज सकाळी देवाचा भंडारा खोबरेल तेलात कालवून त्या सोललेल्या कातडीला चोळायचे. ती किंचाळायची, आणि मी म्हणायचे, "देवाचं नाव घे बाळा." आता आठवलं की मीच कान धरते.

एकदा एक गिऱ्हाईक बाई माप द्यायला आली. तन्वी तिच्या ब्लाउजच्या कापडावर बसून खेळत होती. बाईनं तिचे हात बघितले आणि दुसऱ्या दिवशी कापड परत मागायला आपल्या पोरीला पाठवलं. "आई म्हणली, ऱ्हाऊ दे, घाई न्हाई." मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी तन्वीला पूर्ण बाह्यांचा, गळाबंद फ्रॉक शिवला. मग त्यावर आणखी शिवले. दिसायला छान, पिको केलेले, लेस लावलेले. लोक म्हणायचे, शिंपिणीच्या पोरीची हौस बघा. वैशाखात बाकीची पोरं बनियनवर हिंडायची आणि माझी लेक मनगटापर्यंत झाकलेली, घामानं भिजलेली. ती हौस नव्हती हे मला आणि तिलाच माहीत होतं.

नवऱ्यानं फोनवर फारच लावून धरलं म्हणून कराडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, कातडीच कोरडी आणि नाजूक आहे, लागट अजिबात नाही, हात लावला म्हणून दुसऱ्याला होत नाही, सांभाळायला शिकायचं. मलम दिलं, अंघोळीनंतर लावायला क्रीम दिलं. सुती, सैल कपडे घाला म्हणाल्या, हळद-बिळद चोळू नका. मग विचारलं, "घरात लोकरीचं काही अंगाखाली येतं का? घोंगडं वगैरे?"

मी म्हणाले, "नाही."

एका क्षणात म्हणाले, विचारसुद्धा करावा लागला नाही. बाहेर बसलेल्या कराडच्या बायका डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्यासारखं बोलायचा, बसायचा मी एवढा प्रयत्न करत होते, आणि आता घोंगड्याचं सांगायचं? शिवाय देवानं दिलेल्या वस्तूवर बोट कसं ठेवायचं? डॉक्टरांपुढे मला घोंगड्याची लाज वाटली आणि घरी आल्यावर देवापुढे डॉक्टरांची. दवाखान्यात आत्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. घरी येऊन मी मलम लावलं आणि लेकीला पुन्हा घोंगड्यावरच निजवलं. पुरळ कसं जाणार होतं? मी मात्र बिरोबाला विचारायचे, देवा, माझं नेमकं काय चुकतंय.

दिवाळीत माझा भाऊ आला. दारात त्याच्या गाडीचा आवाज झाला आणि तन्वीनं हातातला लाडू खाली ठेवला. आधी उजवी बाही मनगटापर्यंत ओढली, मग डावी. मग लाडू उचलला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ते बघितलं. बोलायलाही अजून नीट न शिकलेल्या पोरीला मी लाजायला मात्र शिकवलं होतं. तरीही भाऊ गेल्यावर मी दुसरा पूर्ण बाह्यांचाच फ्रॉक कापायला घेतला. माणूस किती कोडगा असतो बघा.

माघात जत्रेला गेलो. आत्या, मी, तन्वी, आणि काखेत घोंगडं, कारण ते देवाच्या पायांना पुन्हा लावून आणायचं माझ्या मनात होतं. ढोल वाजत होते, चांगभलं चाललं होतं, वरून भंडाऱ्याची उधळण. एरवी त्या उधळणीत माझं अंग शहारतं. त्या दिवशी भंडारा तन्वीच्या गळाबंद फ्रॉकमध्ये शिरला, गर्दीत तिला घाम फुटला आणि तिनं असा टाहो फोडला की आजूबाजूच्या बायका वळल्या. तिनं गळ्याची बटणं तोडली, बाह्या वर ओढल्या आणि दोन्ही हातांनी ओरबाडायला लागली. नखांना रक्त. कुणीतरी म्हणालं, "लांब व्हा गं, लागट हाय वाटतं." ढोलाच्या आवाजात एवढंच नेमकं ऐकू आलं. देवाच्या दारात, माझ्याच भावकीत, आमच्याभोवती रिकामी जागा झाली. मी पोरीला उचललं, घोंगड्यात गुंडाळलं आणि देवाला पाठ दाखवून पळाले.

देवळामागे माळावर एका बाभळीखाली मेंढरं बसली होती. एक म्हातारी धनगरीण नुकत्याच जन्मलेल्या कोकराला वाळल्या गवतानं पुसत होती. दिवस कलला होता आणि माळावर बोचरा वारा सुटला होता. कोकरू लटलट कापत होतं. तिची स्वतःची घोंगडी आणखी दोन कोकरांवर टाकलेली दिसत होती. मला वाटलं होतं, ती पोरीच्या अंगाकडे बघून विचारेल. तिनं बघितलं ते घोंगड्याकडे.

"बाय, ते घोंगडं दे जरा. हे मरतंय बघ."

मी मागे सरले. "आवं आजी, देवाचं हाय हे. नवसाचं."

म्हातारीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, खरंच न कळल्यासारखं.

"आन् हे कोकरू गं? हे कुणाचं हाय?"

मी घोंगडं दिलं. तिनं कोकरू त्यात गुंडाळलं, त्याच्या आईजवळ सरकवलं आणि मग माझ्याकडे दोन्ही हात केले. "आण ती पोर हिकडं." तन्वी अनोळखी माणसाकडे जात नाही, पण रडून रडून दमली होती, ती गेली. म्हातारीनं तिच्या मानेवरचा भंडारा आपल्या पदरानं अलगद पुसला. बाह्या आधीच वर गेल्या होत्या. त्या खाली ओढाव्यात असं तिच्या मनातही आलं नाही. तिला कातडीच्या दुखण्यातलं काही कळत होतं अशातला भाग नाही. तिनं काय झालंय म्हणूनही विचारलं नाही. ओल्या, रक्ताळलेल्या त्या कोपराखाली आपला उघडा हात देऊन ती मांडी हलवत बसली, बस. बोचक्यातून जुन्या लुगड्याचा एक धडपा काढून तिनं पोरीला त्यात गुंडाळलं. पोर तिच्या मांडीवरच झोपली. किती महिन्यांनी मी तिला न खाजवता झोपताना बघितलं, देव जाणे. मी शेजारी बसून रडत होते, आणि कोकराची आई माझ्याकडे टकाटका बघत होती.

थोड्या वेळानं, आत्या शोधत असतील म्हणून, मी झोपलेल्या पोरीला तशीच धडप्यात उचलून निघाले. "घोंगडं न्यायला येते," म्हणाले. म्हातारी म्हणाली, "ये की." आत्या लवकर सापडल्या नाहीत. त्यांना घेऊन परत गेले तर बाभळीखाली नुसत्या लेंड्या. कळप पुढच्या मुक्कामाला गेला होता आणि घोंगडंही.

आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं? "म्हातारीनं घोंगडं लांबवलं!"

जिनं माझ्या लेकीला हात लावायला क्षणभर विचार केला नाही, तिला मी चोर म्हणाले. मी पुढेही बोलत राहिले. आता नवसाचं काय, देव काय म्हणेल. आत्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग त्या खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यात बाई इचारत व्हत्या तवा तू न्हाई म्हणलीस. मला कळत न्हवतं व्हय? पर मीबी गप्प बसले. देवाच्या भ्यानं बसले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आपून दोघी भ्यालो आन् पोरीनं सोसलं. देवानं बघितलं आसंल, ह्या काय आपणहून सोडत न्हाईत. मग आला आन् मागून न्हेलं."

मी लेकीच्या अंगाभोवतीचा तो धडपा चिमटीत धरला. सवयच आहे. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं, लोण्यासारखं मऊ. गावभरच्या पोरींसाठी मी रोज हे बघत होते. स्वतःच्या लेकीच्या अंगाखालचं काळं घोंगडं मात्र मी एकदाही असं चिमटीत धरून बघितलं नव्हतं. देवाच्या वस्तूची परीक्षा कशी करायची, म्हणून. खरं तर माझ्या बोटांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या रात्रीपासून तन्वी त्या धडप्यावर आणि आत्यांनी जुन्या साड्यांच्या शिवलेल्या वाकळेवर झोपते. भंडारा आता देव्हाऱ्यातच असतो. कपाळाला बोट लावते, पुरे. पुढच्याच आठवड्यात कराडला जाऊन डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, मान वर न करता. त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या आणि मलम कसं, किती लावायचं ते पुन्हा समजावलं. पुरळ हळूहळू उतरलं. पूर्ण गेलेलं नाही. थंडीच्या कोरड्या हवेत अजून उठतं, मलम लावलं की बसतं. तेव्हा हा चमत्कार होता का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. लोकर टोचत होती, लोकर गेली. असं म्हणा हवं तर. पण मी ती सोडणार नव्हते, हे मला पक्कं माहीत आहे. देवाला धरून ठेवायचं म्हणून मी त्याचं घोंगडं धरून ठेवलं होतं. समर्पण म्हणजे आपण काहीतरी देणं असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यानं न्यायला हात पुढे केला की मूठ सैल करणं, तेवढंच आपल्याकडून होतं, आणि तेही कुणाला तरी करवून घ्यावं लागतं.

यंदा जत्रेला गेलो तेव्हा तन्वीला बिनबाह्यांचा पिवळा फ्रॉक शिवला होता. ढोलांपासून लांब, देवळामागच्या बाभळीखाली आम्ही बसलो. माझी नजर कळप शोधत होती. मेंढरं होती, पण त्यांच्यामागची माणसं वेगळी होती. मी ज्याला-त्याला त्या म्हातारीचं वर्णन सांगत होते आणि लोक हसत होते, अशा शंभर म्हाताऱ्या असतील म्हणून. शेवटी त्या बाभळीलाच मी हात जोडले आणि मनातल्या मनात त्या माउलीची माफी मागितली. दुसरं काही मागितलं नाही.

तेवढ्यात एक बाई शेजारी टेकली. तन्वीचा कोपर बघून तिनं विचारलं, "काय झालंय गं बाय हाताला?"

लेकीचा डावा हात जुन्या सवयीनं उजव्या दंडाकडे गेला. ओढायला बाही नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. माझी मान वळायला लागली होती, मी ती वळू दिली नाही. तिच्याकडेच बघत राहिले.

मग तिनं तो हात त्या बाईच्या पुढ्यात धरला. "हितं खाजतं माझं," ती म्हणाली, "तू हात लाव, कायबी व्हत न्हाई."